एका जिल्ह्याचे दोन पावसाळे

आषाढाचे दिवस. महाबळेश्वरच्या पठारावर पावसाची झड लागली आहे. चार दिवसांत सूर्याचे दर्शन नाही. धुके दारातून घरात शिरते, भिंतींना ओल चढते, आणि दोरीवर टाकलेले कपडे चुलीच्या उबेशिवाय वाळत नाहीत. भिंतींचे रक्षण व्हावे म्हणून त्यांना बाहेरून गवताचे किंवा प्लास्टिकच्या कापडाचे आच्छादन बांधलेले आहे. शाळेला निघालेल्या मुलांना चार पावलांपुढचा सोबती दिसत नाही. ती एकमेकांना हाका मारीत वाट चालतात.

त्याच दिवशी, त्याच वेळी, माण तालुक्यात दहिवडीजवळच्या एखाद्या वाडीत एक शेतकरी बांधावर उभा राहून आभाळ न्याहाळीत आहे. आभाळात ढग नाहीत असे नाही. पण ते पांढुरके, उंच आणि घाईत असलेले आहेत. पश्चिमेकडून ते येतात आणि न थांबता पूर्वेकडे निघून जातात. खाली वाऱ्याने धूळ उडते आहे. मृगाच्या सरींवर पेरलेली बाजरी उगवून आली खरी, परंतु आता तिची कोवळी रोपे दुपारच्या उन्हात माना टाकू लागली आहेत. आणखी आठ दिवस पाऊस आला नाही, तर पुन्हा बियाणे आणून पुन्हा पेरावे लागेल.

ही दोन्ही दृश्ये एकाच जिल्ह्यातील आहेत. त्या जिल्ह्याचे नाव सातारा. महाबळेश्वर आणि दहिवडी यांमधील अंतर सरळ रेषेत मोजले, तर जेमतेम शंभर किलोमीटर भरते. असे असूनही एका ठिकाणी पावसाचा कंटाळा येतो, तर दुसऱ्या ठिकाणी पावसाची वाट पाहून डोळे शिणतात. निसर्गाने एकाच घरातील दोन भावांना इतके वेगळे का वागवावे?

सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४८० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते. पूर्वेस सोलापूर, दक्षिणेस सांगली, पश्चिमेस रत्नागिरी आणि वायव्येस रायगड हे जिल्हे आहेत. पश्चिम सीमेवर सह्याद्रीची मुख्य रांग एखाद्या तटासारखी उभी आहे. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण हे तालुके या तटाला लागून आहेत. मधल्या भागात वाई, सातारा, कराड आणि कोरेगाव यांची सुपीक खोरी पसरली आहेत. पूर्वेस फलटण, खटाव आणि माण हे तालुके असून, त्यांच्यामधून शंभू महादेवाच्या डोंगराच्या उघड्याबोडक्या रांगा गेलेल्या आहेत. उत्तरेकडचा खंडाळा तालुका धरून जिल्ह्याचे असे अकरा तालुके होतात. पाऊस मात्र त्यांच्यात सारखा वाटला जात नाही.

पाऊस मोजण्याचे साधन म्हणजे पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात साचलेले पाणी मोजून त्याची नोंद करतात. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो. पडलेले पाणी वाहून न जाता, जमिनीत न मुरता, जागच्या जागी साचून राहिले असते, तर त्याची जेवढी उंची झाली असती तेवढा पाऊस पडला असे समजतात. महाबळेश्वरी वर्षाला सरासरीने साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी साचून राहिले, तर दुमजली घर जवळजवळ आढ्यापर्यंत बुडेल. माण तालुक्यात वर्षभराचा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरांच्या आतबाहेर असतो. हे पाणी साचले, तर शाळकरी मुलाच्या गुडघ्याच्या थोडे वर येईल. महाबळेश्वरी पावसाळ्यात शंभराहून अधिक दिवस पाऊस पडतो. माणमध्ये पावसाचे सगळे दिवस मोजले, तरी ते महिना-सव्वा महिना भरतील इतकेच.

या भेदाचे कारण सह्याद्रीच्या उंचीत आहे. उन्हाळ्यात भारताची भूमी तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून वारे भूमीकडे धाव घेतात. नैऋत्येकडून येणारे हे मोसमी वारे अरबी समुद्रावरून येताना बाष्पाचा मोठा भार घेऊन येतात. कोकणची अरुंद पट्टी ओलांडताच त्यांच्या वाटेत सह्याद्री आडवा येतो. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. वाऱ्याला तेथे थांबता येत नाही आणि डोंगर भेदूनही जाता येत नाही. त्याला वरच चढावे लागते.

वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. सायकलच्या चाकातील हवा सोडली असता ती हाताला गार लागते, त्याचे कारण हेच. थंड हवेत बाष्प मावत नाही. त्याचे बारीक जलकण होतात, जलकणांचे ढग होतात आणि ढग डोंगरमाथ्यावर आपला भार रिकामा करतात. डोंगर ओलांडल्यावर तोच वारा पूर्वेकडील उतारावरून खाली येऊ लागतो. आता उलट क्रिया घडते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि तापते. सायकलचा पंप जोराने मारताना त्याचे बूड गरम होते, तसेच हे. तापलेल्या हवेत ढग विरू लागतात. डोंगराच्या एका अंगास पावसाची कोसळधार आणि दुसऱ्या अंगास कोरडा वारा, अशी स्थिती होते. दुसऱ्या अंगाच्या या प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाच्या सावलीत ऊन पोहोचत नाही, तसा डोंगराच्या या छायेत पाऊस पोहोचत नाही.

हा बदल किती झपाट्याने होतो, हे एस.टी.च्या खिडकीतूनही दिसते. जुलै महिन्यात सकाळी महाबळेश्वरहून निघालेली गाडी दिवे लावून, भोंगा वाजवीत, धुक्यातून वाट काढते. वीसेक किलोमीटरवर पाचगणी लागते. तेथे पाऊस असतो. परंतु वर्षाची बेरीज घेतली, तर महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही तो बराच कमी भरतो. पसरणीचा घाट उतरताना ढग डोक्यावर राहतात आणि खाली कृष्णेचे हिरवेगार खोरे उघडे होते. वाईला पोहोचेपर्यंत रस्ता केवळ ओला उरतो. तेथे महाबळेश्वरच्या पाचव्या हिश्शाइतकाही पाऊस पडत नाही. सातारा आणि कोरेगाव या भागांत ऊस, आले, सोयाबीन आणि घेवडा यांची शेते दिसतात. वर्धनगडाचा घाट ओलांडून गाडी पुसेगावला आली, की माळ मोठे होऊ लागतात आणि झाडे लहान. पुढे दहिवडी, गोंदवले आणि म्हसवड. प्रवासी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसतो. त्याची सकाळी भिजलेली छत्री केव्हाच वाळलेली असते.

या जिल्ह्याचे वर्ष उन्हाळ्यापासून मोजावयाचे, तर ते होळीनंतर सुरू होते. मार्चपासून ऊन वाढत जाते. एप्रिल-मे महिन्यांत फलटण आणि माण येथे पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या वर चढतो. उंची वाढत गेली, की दर किलोमीटरला तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. म्हणून त्याच दिवसांत महाबळेश्वरची हवा सुखद असते आणि दूरदूरचे लोक तेथे विश्रांतीसाठी येतात. दिवसभर जमीन तापल्यावर एखाद्या दिवशी दुपार कलता कलता काळे ढग जमतात, वावटळ सुटते, विजा कडाडतात आणि वळवाचा पाऊस कोसळतो. क्वचित गाराही पडतात. वळीव आंब्याचा मोहर आणि कैऱ्या झोडपून काढतो, तसाच तापलेल्या जमिनीला पहिला ओलावाही देतो. ही ओल नांगरटीला उपयोगी पडते.

७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागते. शेतकऱ्याचे पावसाळी पंचांग येथून सुरू होते. मृगानंतर आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी एकामागून एक नक्षत्रे येतात आणि प्रत्येकाच्या पावसाबद्दल पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव सांगितला जातो. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल राहावी, पण चिखल होऊ नये, अशी जी स्थिती येते तिला वाफसा म्हणतात. वाफसा आला, की तिफण चालते. पाऊस नेहमीच पंचांग पाहून येतो असे मात्र नाही. २०२५ साली मोसमी पाऊस मे महिना संपण्यापूर्वीच महाराष्ट्रात येऊन पोहोचला आणि पुष्कळ ठिकाणी मशागत उरकण्याच्या आतच शेतात पाणी उभे राहिले.

जून सरताना पश्चिमेकडील तालुक्यांत भाताची रोपे तयार होतात. गुडघाभर चिखलात उभे राहून, पाठीवर पाऊस झेलीत, घरातील सर्व माणसे लावणी करतात. उतारावरच्या जमिनीत नाचणी आणि वरी घेतात. एकट्या जुलै महिन्यात महाबळेश्वरी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. या पठारावर कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्राला मिळते. कोयना दक्षिणेकडे वाहत जाऊन हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराडला कृष्णेस भेटते. डोंगराच्या माथ्यावर एकमेकींशेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब असे दोन वेगवेगळ्या समुद्रांकडे निघून जातात.

याच महिन्यांत पूर्वेकडे काय चालते? तेथे पाऊस चुकतमाकत येतो. एक सर, मग पंधरा दिवसांची उघडीप. म्हणून तेथील शेतकरी खरिपात बाजरी, मटकी, हुलगा अशी थोड्या पाण्यावर तग धरणारी पिके घेतो. या कोरडेपणाचा उपयोग करून घेणारी माणसेही येथे आहेत. फलटण-माण भागातील मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर आपले वाडे उठवतात, मेंढ्यांचे कळप आणि घोड्यांवर संसार घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. तेथील शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवावयास बोलावतो, कारण मेंढ्यांच्या लेंड्यांचे खत उत्तम असते. परंतु पावसाळा तोंडाशी आला, की हे धनगर तेथे राहत नाहीत. ते माणदेशाकडे परततात. संततधार आणि चिखल मेंढीला मानवत नाही. तिची लोकर भिजते, खूर सडतात आणि रोग होतात. शेतकऱ्याला जी पर्जन्यछाया शापासारखी वाटते, तीच मेंढपाळाला आश्रय देते.

श्रावणात पावसाचा जोर ओसरू लागतो. साताऱ्याच्या पश्चिमेस असलेले कासचे पठार फुलांनी भरून जाते. जांभ्या खडकावरचा मातीचा थर तेथे अगदी पातळ आहे. मोठी झाडे तेथे रुजू शकत नाहीत. म्हणूनच लहान फुलझाडांना तेथे मोकळी जागा मिळते. पावसाचे चार महिने हेच त्यांचे आयुष्य. त्या अवधीत त्यांना उगवावयाचे, फुलावयाचे आणि बी टाकावयाचे असते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील निवडक स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत कासचा समावेश आहे.

पश्चिमेचा पाऊस संपत येतो, तेव्हा पूर्वेची पाळी येते. सप्टेंबरात मोसमी वाऱ्यांचा जोर कमी होतो. बंगालच्या उपसागरावर निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून आत सरकतात आणि माण, खटाव, फलटण या भागांत दुपारनंतर ढग जमू लागतात. सह्याद्रीने अडवून धरलेला पाऊस पश्चिमेकडून आला नाही, तो आता विजा-गडगडाटांसह पूर्वेकडून येतो. माणमध्ये वर्षातील सर्वांत अधिक पाऊस बहुधा याच महिन्यात पडतो. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांकडे तेथील शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात ते यामुळेच. ही ओल काळ्या जमिनीत साठते आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, पेरला जातो. एकदा उगवला, की हा शाळू जमिनीतील ओलीवर आणि थंडीच्या बळावर हातातोंडाशी येतो. परतीचा हा पाऊस चुकला, तर वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा ही दोन्ही चुकतात.

ऑक्टोबरमधील उकाडा गेला, की थंडी पडते. आभाळ स्वच्छ असते, हवा कोरडी असते. रात्री जमीन आपली उष्णता आकाशात मोकळी सोडते. थंड झालेली हवा जड असल्यामुळे उतारावरून घरंगळत खोलगट जागी जमा होते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा परिसर असाच सखल आहे. डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या पहाटे तेथे गवतावरील दव गोठून त्याचे हिमकण होतात आणि उन्हे येईपर्यंत हिरवळ पांढरी दिसते. या थंडीवरच महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला गोडी येते. पूर्वेस याच दिवसांत मायणी, येरळवाडी येथील तलावांवर दूर देशीचे पाहुणे पक्षी उतरतात. तलावात पाणी असेल, तरच ते थांबतात.

येथवर वाचून असे वाटेल, की जिल्ह्याच्या पश्चिमेस सुख आहे आणि पूर्वेस दुःख. वस्तुस्थिती तितकी सोपी नाही.

एप्रिल-मे महिन्यांत महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांना जावे. डोक्यावर हंडे घेतलेल्या स्त्रिया दरीतील झऱ्याकडे उतरताना दिसतात. जेथे जुलैत पावसाने नको जीव केला होता, तेथे मे महिन्यात घोटभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते आणि काही वाड्यांना टँकरने पाणी पोहोचवावे लागते. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. म्हणून पडलेले पाणी मुरत नाही, धावत सुटते. पाऊस अपार पडतो, पण तो थांबत नाही. कोयनेच्या पाण्याला थांबविण्यासाठी कोयनानगर येथे विसाव्या शतकातील साठच्या दशकात मोठे धरण उभे राहिले. त्याच्या शिवसागर जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते आणि सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांमधून ते खाली सोडून वीज निर्माण केली जाते. परंतु धरणाच्या वरच्या अंगास, डोंगरावर असलेल्या वाडीला त्या पाण्याचा फारसा लाभ होत नाही. पाणी खाली आणि वाडी वर.

अतिवृष्टीचे दुसरे रूप त्याहून भयंकर आहे. २३ जुलै २०२१ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माण तालुक्याला एवढा पाऊस मिळावयास सामान्यतः वर्षाहून अधिक काळ लागतो. तो येथे एका दिवसात कोसळला. पाण्याने जड झालेले डोंगरांचे कडे सुटले. पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी घरांवर आल्या आणि निजलेली माणसे त्यांखाली गाडली गेली. पावसाची वाट पाहणे जसे कठीण, तसेच पाऊस थांबण्याची वाट पाहणेही कठीण असते, हे डोंगरातील माणसांना ठाऊक आहे.

पूर्वेचे दुःख हळूहळू येते. ते एका रात्रीत दार ठोठावीत नाही. आधी विहिरीचा तळ दिसतो, मग कडबा संपतो, मग दावणीची जनावरे बाजाराला निघतात आणि अखेरीस माणसे गाव सोडतात. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात भुकेलेल्या लोकांना काम देण्यासाठी म्हसवडजवळ माण नदीवर तलावाचे काम काढले गेले. राजेवाडीचा तलाव म्हणून तो आजही ओळखला जातो. १९७२ च्या दुष्काळात हजारो हात खडी फोडण्याच्या आणि बांध घालण्याच्या कामावर होते आणि मुलांना सुकडी वाटली जात होती. २०१२-१३ मध्ये पुन्हा माणदेशात जनावरांसाठी चाऱ्याच्या छावण्या उघडाव्या लागल्या. शेतकरी आपल्या बैलांसह माळावर महिनेच्या महिने राहिला. कारण बैल विकला, तर पुढच्या पावसाला नांगर ओढणार कोण?

मग पूर्वेकडच्या गावाने काय करावे? थोडा हिशेब मांडून पाहणे उपयोगी ठरेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. एका हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर असतात. तेव्हा पाचशे मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर पन्नास लाख लिटर पाणी पडते. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल, तर त्यावर पन्नास हजार लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे पाच टँकर त्याने भरतील. त्यातील काही पाणी वाफ होऊन जाते, काही निसटते, हे खरे. पण ज्या गावावर एवढे पाणी पडते, त्या गावाला पाऊस नाही असे कसे म्हणावे? त्या गावात पावसाला राहावयास घर नाही, एवढेच म्हणता येईल.

हे घर बांधण्याचे काम काही गावांनी मनावर घेतले. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने २०१६ मध्ये, तर माण तालुक्यातील टाकेवाडी या गावाने २०१८ मध्ये ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. भर उन्हाळ्यात, दीड महिना, पहाटेच्या गारव्यात गावकरी कुदळ-फावडी घेऊन डोंगराकडे निघत. डोंगराच्या उतारावर एकाच पातळीत चर खणले, की धावणारे पाणी चालू लागते. शेताच्या कडेला बांध घातले, की चालणारे पाणी थांबते. ओढ्यात बंधारे घातले, की थांबलेले पाणी मुरते आणि विहिरीत जाऊन राहते. पाणी अडविण्याची सारी विद्या एवढ्यात सामावलेली आहे. तिला यंत्रांचे साहाय्य होते. पण गावातील सर्व घरांचे हात एकत्र आल्याशिवाय ती सिद्धीस जात नाही, कारण वरच्या शेतातील पाणी कोणाच्या विहिरीत उतरेल हे आधी कोणी सांगू शकत नाही.

पश्चिमेचे पाणी पूर्वेस नेण्याचेही प्रयत्न झाले आहेत. उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांद्वारे नद्यांचे पाणी पंपांनी उचलून खटाव-माणकडे नेले जाते. जे पाणी ढगांना डोंगरापलीकडे नेता आले नाही, ते माणसाने कालव्यांतून आणि बोगद्यांतून नेले. तथापि पाणी आले म्हणून प्रश्न संपला, असे समजणे चुकीचे ठरेल. जेथे मुरलेले पाणी एकाच हंगामात उसाला उपसून टाकले जाते, तेथे विहीर पुन्हा मार्चमध्येच तळ दाखविते. घरात धान्य किती आहे हे पाहून गृहिणी जशी वर्षाची बेगमी करते, तशी विहिरीत पाणी किती आहे हे पाहून गावाने पिके ठरवावी लागतात. पाणी अडविण्यास एक उन्हाळा पुरतो; ते जपून वापरण्याची सवय मात्र दरवर्षी नव्याने पाळावी लागते.

सप्टेंबरची संध्याकाळ आहे. माणदेशातील एका माळावर पूर्वेकडून ढग चढून येतात. टपोरे थेंब पडू लागतात, मातीचा वास सुटतो, आणि पाहता पाहता सर धरते. तासाभराने आभाळ निवळते. पूर्वी अशा सरीनंतर ओढा लाल पाणी घेऊन धावत सुटे आणि सकाळी पुन्हा कोरडा पडे. आज ओढ्यातील बंधाऱ्यापाशी पाणी अडले आहे. शाळेतून परतणारी मुले दप्तरे काठावर ठेवून त्यात खडे टाकीत उभी आहेत. बांधावर उभा असलेला म्हातारा त्यांना रागे भरत नाही. तो वाकून पाण्यात काठी उभी करतो, ती किती भिजली ते बोटांनी मोजतो आणि घराकडे वळतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) महाबळेश्वर व दहिवडी यांमधील अंतर सरळ रेषेत किती आहे?
(आ) वाफसा म्हणजे काय?
(इ) माण तालुक्यात सर्वांत अधिक पाऊस बहुधा कोणत्या महिन्यात पडतो?

२. कारणे द्या.
(अ) सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर ढग विरू लागतात.
(आ) धनगर पावसाळ्यापूर्वी कोकणातून माणदेशाकडे परततात.
(इ) भरपूर पाऊस पडूनही डोंगरमाथ्यावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते.

३. ‘त्या गावात पावसाला राहावयास घर नाही’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : माना टाकणे, डोळे लागणे, हातातोंडाशी येणे, मनावर घेणे.

५. आपल्या शाळेच्या छपराची लांबी व रुंदी मोजा. आपल्या गावी वर्षाला सरासरी किती पाऊस पडतो ते गुरुजनांकडून जाणून घ्या आणि छपरावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडा.